विद्यापीठ ग्रंथालयाचे अंदाजपत्रक: आधी बांधील खर्च मोजा, मग मागणी लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: विद्यापीठ ग्रंथालयाचा कारभार नुकताच हाती आला आहे. सहा आठवड्यांत पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक द्यायचे आहे. आजवर ‘मागच्या वर्षीचे आकडे अधिक दहा टक्के’ अशी मागणी जात आली. नियतकालिके बंद करायला विभाग तयार नाहीत, ग्रंथखरेदीला पैसे उरत नाहीत आणि वर्षअखेरीस काही रक्कम खर्च न होता परतही जाते. मग सुरुवात कुठून करायची?

मागणीपासून करू नका. ग्रंथालयाचा बराचसा खर्च वर्ष उजाडण्याआधीच ठरून गेलेला असतो: वेतन, नियतकालिकांच्या वर्गण्या, डेटाबेसचे परवाने, ग्रंथालय प्रणालीची वार्षिक देखभाल. ग्रंथालय समितीच्या बैठकीत तासन्‌तास चर्चा होते ती उरलेल्या छोट्या तुकड्यावर. मोठा हिस्सा मात्र मागील पानावरून पुढे चालू राहतो आणि त्याकडे कोणी डोळे उघडून पाहत नाही. म्हणून पहिले काम बांधील खर्चाची नोंदवही. साधी एक तक्ता-फाइल पुरते.

प्रत्येक वर्गणी, परवाना आणि देखभाल कराराला एक ओळ द्या. तिच्यात पुरवठादार, कालावधी, देयकाचे चलन, करासह रक्कम, मागच्या तीन वर्षांची किंमत, करारातील दरवाढीची मर्यादा, नूतनीकरणाची तारीख आणि खर्चाचे शीर्ष (अंदाजपत्रकात तो खर्च ज्या गटात दाखवतात तो) लिहा. आणखी तीन रकाने लोक हमखास विसरतात: करार रद्द करायचा तर किती दिवस आधी कळवावे लागते, काहीच न कळवल्यास तो आपोआप पुढे चालू राहतो का, आणि वर्गणी थांबवल्यावर आधी पैसे भरलेल्या वर्षांचे अंक वाचता येतात का. या तीन उत्तरांवरच पुढे वाटाघाटीतले तुमचे बळ ठरते.

ही नोंदवही ग्रंथालयातल्या यादीवरून भरू नका. लेखा विभागाकडून मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष अदा झालेली देयके मागवा. ग्रंथालयाच्या यादीत नसलेल्या गोष्टी त्यातच सापडतात: एखाद्या विभागाने स्वतःच्या निधीतून घेतलेला आणि ग्रंथालयही घेत असलेला डेटाबेस, कायमस्वरूपी विकत घेतलेल्या ई-ग्रंथांवर दरवर्षी गुपचूप आकारले जाणारे मंच-शुल्क (ते ज्या संकेतस्थळावर वाचले जातात त्याच्या वापराचे), बँकेचे परदेशी हस्तांतर शुल्क.

दहा टक्क्यांचे गणित का फसते

प्रत्येक शीर्ष वेगळ्या गतीने वाढते. समजा एकूण तरतूद १०० आहे, त्यात नियतकालिके ६० आणि बाकी सगळे ४०. नियतकालिकांची दरवाढ वर्षाला ६ टक्के धरा आणि एकूण तरतूद स्थिर ठेवा. पाच वर्षांनी तीच नियतकालिके ८०.३ होतात आणि बाकीच्यांना १९.७ उरतात. कुणीही ग्रंथखरेदी कमी करण्याचा निर्णय घेतलेला नसतो, तरी ती निम्म्यावर आलेली असते. तुमच्याकडे नेमके हेच घडते आहे. वित्त विभागाला हा एक तक्ता दाखवला, तर ‘ग्रंथांसाठी वाढीव निधी द्या’ या दहा पानी विनंतीपेक्षा जास्त उपयोग होतो.

परकीय चलनातील देयकांत दोन वाढींचा गुणाकार होतो, बेरीज नाही. किंमत ५ टक्क्यांनी वाढली आणि ते चलन ८ टक्क्यांनी महागले, तर १.०५ × १.०८ म्हणजे १३.४ टक्के वाढ. त्यावर कर आणि बँक शुल्क वेगळे. म्हणून चलनातील फरकासाठी परदेशी देयकांच्या ५ ते ८ टक्के रक्कम स्वतंत्र ओळीत दाखवा. ती इतर शीर्षांत लपवू नका. लपवलेली गंगाजळी पहिल्या कपातीत सापडते आणि मग तुमच्या उरलेल्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. अंदाजासाठी कोणत्या तारखेचा विनिमय दर धरला, तेही तळटीपेत लिहा.

शीर्षांच्या बाबतीत एक भेद कसोशीने पाळा: आवर्ती म्हणजे दरवर्षी होणारा खर्च आणि अनावर्ती म्हणजे एकदाच होणारा. एकदाच मिळालेल्या अनुदानातून वर्गणी सुरू करणे ही ग्रंथालय प्रशासनातली सर्वात महागडी चूक. पुढच्या वर्षी अनुदान नसते, पण वाचकांना सवय लागलेली असते. असे पैसे जुन्या अंकांचे कायमस्वरूपी संच, कायम मालकीचे ई-ग्रंथ, दुर्मीळ साहित्याचे डिजिटायझेशन आणि फर्निचर यांवर घाला; मात्र त्यातही वार्षिक मंच-शुल्क आहे का, हे आधी विचारा. अशा खर्चाच्या मंजुरीलायक प्रस्तावांची यादी दरपत्रकांसह कायम तयार असावी. वर्षअखेरीस ‘दहा दिवसांत खर्च होईल असे काही आहे का?’ असा फोन येतो, तेव्हा यादी तयार असलेल्यालाच पैसे मिळतात.

नूतनीकरणाचे वेळापत्रक

नियतकालिकांचे वर्ष बहुधा जानेवारी ते डिसेंबर असते, विद्यापीठाचे आर्थिक वर्ष बहुतेक वेळा वेगळे. पुढच्या वर्षाचे दर साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात येऊ लागतात आणि एजंट (अनेक प्रकाशकांच्या वर्गण्या ग्रंथालयाच्या वतीने भरणारा मध्यस्थ) किंवा प्रकाशक नूतनीकरणाची यादी ऑक्टोबरच्या आसपास मागतात. म्हणजे जानेवारीत काय बंद करायचे, हे ऑगस्टअखेर ठरलेले हवे. त्यासाठी विभागांशी बोलणे मे-जूनमध्ये आणि वापराची आकडेवारी त्याआधी. डिसेंबरमध्ये बैठक बोलावणाऱ्याच्या हातात एकच पर्याय उरतो: आहे ते सगळे पुढे चालू ठेवणे.

ज्यांचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यांना आणखी एक अडचण येते. जानेवारी-डिसेंबरच्या वर्गणीतले तीनच महिने चालू आर्थिक वर्षात पडतात, बाकीचे नऊ पुढच्या वर्षात. उपार्जन पद्धतीने, म्हणजे पैसे कधी दिले यापेक्षा खर्च कोणत्या काळाचा आहे हे पाहून, हिशेब ठेवणारा लेखा विभाग तीन चतुर्थांश रक्कम आगाऊ भरलेला खर्च म्हणून पुढे नेईल. तुमच्या पत्रकात पूर्ण रक्कम खर्ची आणि त्यांच्या पत्रकात पाव, असे झाले की दोन्हीकडचे आकडे वर्षभर जुळत नाहीत आणि प्रत्येक बैठकीत तोच वाद निघतो. कोणती पद्धत धरायची, ते पहिल्याच भेटीत लेखी ठरवून घ्या.

एजंटाला संपूर्ण वर्षाची रक्कम आगाऊ देण्यातली जोखीम खरी आहे. २००३ मध्ये रोकॉम आणि २०१४ मध्ये स्वेट्स हे मोठे वर्गणी-एजंट दिवाळखोरीत गेले आणि प्रकाशकांपर्यंत न पोहोचलेल्या पैशांचा फटका ग्रंथालयांना बसला. मोठ्या प्रकाशकांना थेट पैसे देणे, एजंटाकडून बँक हमी घेणे आणि प्रकाशकाला रक्कम पोहोचल्याचा पुरावा ठरावीक मुदतीत मागणे, यांपैकी किमान एक अट करारात हवीच. एजंट आगाऊ रकमेवर सूट देऊ करतो; ती सूट म्हणजे तुम्ही पत्करलेल्या जोखमीची किंमत आहे, हे समितीला स्पष्ट सांगा.

नव्या करारात चार गोष्टींवर अडून बसा: वार्षिक दरवाढीची कमाल मर्यादा, तरतूद कमी झाल्यास दंडाशिवाय बाहेर पडण्याचे कलम, वर्गणी भरलेल्या वर्षांवर कायम हक्क, आणि ‘विद्यार्थीसंख्या’ या शब्दाची व्याख्या. शेवटची बाब क्षुल्लक वाटते. पण किंमत विद्यार्थीसंख्येवर ठरत असेल आणि दूरशिक्षणाचे किंवा संलग्न महाविद्यालयांचे विद्यार्थी त्यात धरले गेले, तर देयक फुगते.

वापराचे आकडे: कुठे फसगत होते

प्रति वापर खर्च काढणे सोपे आहे: वार्षिक किंमत भागिले वापर. ६,००,००० च्या नियतकालिक-संचाचा वापर १२,००० असेल तर प्रति वापर ५०. खरी गोम भाजकात असते. प्रकाशक ‘काउंटर’ या, ई-साहित्याचा वापर एकसारखा मोजण्यासाठीच्या मानकानुसार अहवाल देतात. त्याची पाचवी आवृत्ती जानेवारी २०१९ पासून आणि ५.१ ही सुधारणा जानेवारी २०२५ पासून लागू झाली. अहवालात एकूण विनंत्या आणि अनन्य विनंत्या असे दोन आकडे असतात. एकाच बैठकीत वाचकाने एक लेख आधी वेबपानावर आणि मग पीडीएफ म्हणून उघडला, तर एकूण दोन आणि अनन्य एक. काही मंच लेख आधी वेबपानावरच उघडतात, त्यामुळे त्यांचा एकूण आकडा आपोआप फुगतो. दोन प्रकाशकांची तुलना करायची असेल तर अनन्य आकडाच घ्या.

त्यानंतर त्यातून मुक्त प्रवेशाच्या लेखांचा वापर वगळा, कारण त्यासाठी तुम्ही वर्गणी भरत नाही. मग प्रकाशनवर्षानुसार विभागणी दाखवणारा अहवाल, म्हणजे टीआर-जे४, काढा. वापराचा मोठा भाग जुन्या वर्षांचा असेल आणि त्या वर्षांवर तुमचा कायम हक्क असेल, तर वर्गणी थांबवूनही तो वापर चालूच राहणार. चालू वर्गणीची खरी किंमत फक्त ताज्या अंकांच्या वापरावर मोजायची. वरच्या उदाहरणात १२,००० पैकी ३,००० मुक्त लेख आणि ५,००० कायम हक्काचे जुने लेख निघाले, तर भाजक ४,००० राहतो आणि ५० चा आकडा १५० होतो. आता त्याची तुलना तोच लेख आंतरग्रंथालयीन देवघेवीतून किंवा सुटा विकत घेऊन मिळवण्याच्या खर्चाशी करा. प्रवेश नाकारल्याची नोंद देणारा टीआर-जे२ अहवालही पाहा. जे तुमच्याकडे नाही आणि लोकांना हवे आहे, ते तिथे दिसते.

एवढे करूनही निव्वळ आकड्यावर वर्गणी तोडू नका. गणितासारख्या विषयात वाचक कमी असतात आणि एकच लेख महिनोन्‌महिने अभ्यासला जातो. तुलना विषयांतर्गतच करावी. आणि विभागाला ‘कोणते बंद करू?’ असे विचारू नये. उत्तर नेहमी ‘कोणतेच नाही’ असेच येते. ‘तुमच्या विषयाच्या वर्गण्यांवर इतका खर्च होतो. तो याच मर्यादेत ठेवून क्रम लावून द्या. नवे हवे असेल तर तितक्याच किमतीचे जुने सोडा,’ असे विचारा.

आणखी एक रकाना अलीकडे अटळ झाला आहे: लेख प्रकाशनाचे शुल्क, म्हणजे लेख सर्वांना मुक्त वाचता यावा म्हणून लेखकाच्या बाजूने प्रकाशकाला दिले जाणारे पैसे. वाचन आणि प्रकाशन एकत्र असलेल्या करारांत ते वर्गणीतच मिसळते. तुमचे संशोधक सध्या प्रकल्प-अनुदानातून किती शुल्क भरतात, हे संशोधन कार्यालयाकडून काढल्याशिवाय असा करार स्वस्त की महाग ते सांगताच येत नाही. एकाच लेखासाठी अनुदानातूनही आणि करारातूनही पैसे जाण्याचे प्रकार घडतात.

ग्रंथखरेदी

विभागवार वाटपाचे सूत्र फक्त ग्रंथांसाठी ठेवा. नियतकालिके आणि डेटाबेस केंद्रीय निधीतून. सूत्रात तीन-चार घटक पुरेत: विद्यार्थी, अध्यापक, त्या विषयातील ग्रंथाची सरासरी किंमत, देवघेव. निम्म्याहून जास्त वजन कशालाही देऊ नका. २० टक्के रक्कम ग्रंथपालाकडे राखीव असावी. आंतरविद्याशाखीय ग्रंथ, संदर्भसाहित्य आणि हरवलेल्या प्रतींची भरपाई तिच्यातून होते. सहाव्या महिन्याअखेर विभागाने ६० टक्के रकमेच्या शिफारशी दिल्या नाहीत, तर उरलेली रक्कम सामायिक निधीत जाईल, हा नियम वर्षाच्या सुरुवातीलाच समितीकडून मंजूर करून घ्या. मधेच लावला तर भांडण होते.

पैसे परत जातात याचे नेहमीचे कारण ऑर्डर आणि पुरवठा यांतील तफावत. ग्रंथ छपाईत नसतो, परदेशातून यायला आठ ते बारा आठवडे लागतात, पुरवठादार अर्धाच संच पाठवतो. मागच्या तीन वर्षांत ऑर्डरपैकी किती रकमेचे ग्रंथ वर्षभरात आले ते काढा. हे प्रमाण ८५ टक्के असेल, तर १,००० ची तरतूद पूर्ण वापरायला सुमारे १,१७६ च्या ऑर्डरी द्याव्या लागतात. पण एखाद्या वर्षी पुरवठा ९५ टक्के झाला तर १,११७ चे देयक समोर येते. म्हणून ११० टक्क्यांवर थांबा, त्यालाही वित्त विभागाची लेखी संमती घ्या आणि वर्ष संपण्याच्या चार महिने आधी परदेशी ग्रंथांच्या ऑर्डरी बंद करा.

‘शिफारस आली, घेतले’ या पद्धतीची मर्यादा जुनी आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९६९ मध्ये घेतलेल्या ग्रंथांपैकी सुमारे ४० टक्के पहिल्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत गेले नव्हते. वाचकाने मागितल्यावर खरेदी होणाऱ्या ई-ग्रंथांच्या योजनेसाठी थोडी रक्कम ठेवायला हरकत नाही, पण तिला महिन्याची कमाल मर्यादा घाला. परीक्षेच्या तोंडावर ती रक्कम आठवडाभरातही उडू शकते.

मनुष्यबळ तासांत मांडा

‘कर्मचारी कमी आहेत’ या वाक्याला वित्त विभागात वजन नसते, तासांना असते. वर्षाचे २६० कामाचे दिवस, सुट्ट्या-रजा वजा जाता २२०, दिवसाचे प्रत्यक्ष कामाचे ६ तास, म्हणजे एका व्यक्तीचे १,३२० तास. ग्रंथालय रोज १४ तास, आठवड्याचे सातही दिवस उघडे आणि काउंटरवर दोघे जण असतील तर आठवड्याला १९६ तास, ५० आठवड्यांचे ९,८००. भागाकार ७.४. एवढी माणसे फक्त काउंटरला लागतात. परीक्षेपुरती नव्हे तर कायमची वेळ दोन तासांनी वाढवायची मागणी आली, की तिची किंमत १,४०० तास, म्हणजे एका पदापेक्षा थोडी जास्त, हे तिथल्या तिथे सांगता आले पाहिजे. तालिकीकरणाचा वेळ अंदाजाने लिहू नका. शंभर ग्रंथांवर प्रत्यक्ष घड्याळ लावा: दाखलनोंद, नोंदीची आयात, वर्गीकरण, लेबल, टॅग. मिळालेला सरासरी वेळ पुढच्या वर्षीच्या खरेदीसंख्येला गुणा. बरेचदा असे निघते की मागितलेले ग्रंथ शेल्फवर लावायला तेवढी माणसेच नाहीत.

उपकरणांसाठी आयुर्मान धरा. ६० संगणक आणि ५ वर्षे आयुष्य, तर दरवर्षी १२ बदलायचे. असे न केल्यास सगळे एकाच वर्षी बाद होतात आणि एकदम मोठी रक्कम मागावी लागते.

जागाही खर्चच आहे. सरासरी जाडी ३ सेंमी धरली तर ९० सेंमीच्या फळीवर ३० ग्रंथ मावतात, पण फळी तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरली की प्रत्येक नव्या ग्रंथासाठी अख्खी ओळ सरकवावी लागते. म्हणून फळीला २३ धरा. वर्षाला ४,००० ग्रंथ म्हणजे १७४ फळ्या, सहा फळ्यांची २९ कपाटे. सरकत्या कपाटांचा विचार असेल तर ऑर्डरआधी संरचना अभियंत्याचा अहवाल घ्या: साध्या ग्रंथसाठ्यासाठी जमिनीची क्षमता चौरस मीटरला सुमारे ७.२ किलोन्यूटन धरतात, सरकत्या कपाटांना त्याच्या दुपटीपर्यंत लागू शकते. वरच्या मजल्यावर ती क्षमता असतेच असे नाही.

मंजुरी आणि नंतरचे वर्ष

अंदाजपत्रक तीन पातळ्यांवर द्या: सध्याच्या सेवा जशाच्या तशा ठेवायला किती लागेल, ५ टक्के कपात झाली तर काय बंद होईल, आणि १० टक्के कपातीत काय. बंद होणाऱ्या गोष्टींची नावे लिहा, ‘सेवांवर विपरीत परिणाम’ असे मोघम नको. विकासाची मागणी वेगळ्या पानावर, प्रत्येक प्रस्तावाला आवर्ती खर्चाचा रकाना जोडून. शून्यापासून अंदाजपत्रक बांधण्याची, म्हणजे मागचे आकडे न धरता प्रत्येक खर्चाचे समर्थन नव्याने करण्याची पद्धत १९७० च्या सुमारास टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने वापरात आणली आणि ती कागदावर फार आकर्षक दिसते. पण संपूर्ण ग्रंथालयासाठी दरवर्षी ती करायला गेलात तर चार महिने त्यातच जातील. दरवर्षी एकच शीर्ष त्या चाळणीतून काढा: यंदा बांधणी, पुढच्या वर्षी डेटाबेस.

मंजुरीनंतर दरमहा एका पानाचा अहवाल. रकाने पाच: तरतूद, अदा रक्कम, ऑर्डर दिलेली पण देयक न आलेली रक्कम, खरी शिल्लक, वर्षअखेरचा अंदाज. शिल्लक म्हणजे तरतूद वजा अदा रक्कम असे समजणे ही नेहमीची चूक. त्यातून ऑर्डरमध्ये अडकलेली रक्कमही वजा व्हायला हवी, नाहीतर फेब्रुवारीत भरपूर दिसणारे पैसे मार्चमध्ये देयके येताच उणे होतात. लेखा विभागाच्या खातेवहीशी दरमहा मेळ घाला. फरक बहुधा चारच ठिकाणी असतो: विनिमय दर, कर, बँक शुल्क, आणि न आलेल्या अंकांबद्दल पुरवठादाराने दिलेल्या पण कुणी वापरल्याच नाहीत अशा जमापावत्या (क्रेडिट नोट). शेवटच्या प्रकारात खरे पैसे पडून असतात.

हातात सहाच आठवडे आहेत, तेव्हा यातले सगळे यंदा होणार नाही. पहिले दोन आठवडे देयके गोळा करून नोंदवही भरण्यात घाला, तिसऱ्यात शीर्षवार दरवाढ आणि चलनाचा हिशेब करा, चौथ्यात सर्वात महाग पाच संचांचाच वापर तपासा. पाचव्या आठवड्यात मसुदा औपचारिकपणे देण्याआधी वित्त अधिकाऱ्यासमोर बसून वाचा. आकड्यांवरच्या त्यांच्या शंका समितीसमोर निघण्यापेक्षा तिथे निघालेल्या बऱ्या. सहावा आठवडा दुरुस्त्यांचा. वाटपाचे सूत्र आणि कामाच्या वेळेची मोजणी पुढच्या फेरीसाठी ठेवा, पण नोंदवहीतल्या रद्द करण्याच्या मुदती आजच दिनदर्शिकेत घाला. त्यातली एखादी येत्या सहा आठवड्यांतच उलटून जाणारी असू शकते.